कोकणातल्या जिल्ह्याची वजने-मापे यंत्रणा कशी चालवावी

रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात वैधमापनशास्त्राचा, म्हणजे व्यापारातली वजने-मापे तपासण्याचा, कारभार पहिल्यांदा हाती आला की बहुतेक अधिकारी आधी धाडींची यादी मागवतात. ती नंतर बघा. आधी कार्यालयातले लोखंडी कपाट उघडा, प्रमाण वजनांची पेटी टेबलावर घ्या आणि उजेडात एकेक वजन फिरवून पाहा. समुद्रापासून दोन-चार किलोमीटरच्या आत असलेल्या कार्यालयात बिडाच्या वजनांना गंज आणि पितळी वजनांना हिरवट डाग नसेल तर आधीच्या माणसाला मनातल्या मनात धन्यवाद द्या.

आधी आपले, मग दुकानदाराचे

साखळी सरळ आहे. देशाची मूळ मानके दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत. त्यांच्याशी जुळवलेली मानके अहमदाबाद, बंगळुरू वगैरे ठिकाणच्या प्रादेशिक संदर्भ प्रयोगशाळांत. त्यांच्याशी दर दोन वर्षांनी राज्याची दुय्यम मानके जुळवायची आणि दुय्यम मानकांशी दरवर्षी निरीक्षकाच्या हातातली वर्किंग स्टँडर्ड, म्हणजे रोजच्या तपासणीची वजने. यातली एक कडी मुदतबाह्य झाली तरी त्या काळात केलेली पडताळणी आणि दाखल केलेली प्रकरणे लंगडी पडतात. बचाव पक्षाचा चांगला वकील काट्याबद्दल बोलतच नाही, तो पहिल्यांदा तुमच्या वजनाचे प्रमाणपत्र मागतो. म्हणून प्रत्येक संचाची पुढची तारीख भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा आणि संच मुदत संपायच्या दोन महिने आधी पाठवा. सगळे संच एकदम पाठवू नका, निम्मे जिल्ह्यात राहू द्या.

वजनाची स्वतःची चूक, ज्या काट्याची परीक्षा घ्यायची त्याच्या मान्य चुकीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त असता कामा नये. किराणा दुकानातल्या 30 किलो क्षमतेच्या, 5 ग्रॅमचा टप्पा असलेल्या (म्हणजे पडद्यावरचा आकडा 5-5 ग्रॅमने बदलणाऱ्या) काट्याला 20 किलोवर साडेसात ग्रॅमची सूट आहे. म्हणजे तुमचे 20 किलोचे वजन अडीच ग्रॅमच्या आत हवे. बिडाच्या वजनाचा रंग दोन ठिकाणी पोपडे धरून निघाला किंवा तळाच्या भोकातले शिसे सैल झाले की हे अडीच ग्रॅम कधी संपले ते कळतही नाही.

वजने ब्रासो लावून चकाचक करणारा शिपाई प्रत्येक कार्यालयात एक तरी असतो. त्याला आवरा, कारण पॉलिश म्हणजे धातू घासून काढणे. कोरडे सुती फडके, हातमोजे आणि पेटीत सिलिका जेलची पुडी एवढे पुरे. पुडीतले खडे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात. पावसाळ्यात हे दर आठवड्याला करावे लागते.

आणखी एक चूक फक्त दमट मुलखातच होते. एसी लावलेल्या जीपमधून वजने उतरवून थेट काट्यावर ठेवली की मिनिटाभरात त्यांवर दव धरते. हात लावला तर ओलसर लागते. हे पाणी वजनात मोजले जाते, वर त्याच डागावर पुढे गंज धरतो. पेटी सावलीत उघडून अर्धा-पाऊण तास तशीच ठेवा आणि तेवढ्यात कागदपत्रे तपासा. सराफाच्या काट्याची बारीक वजने असतील तर जास्त वेळ द्या.

नोंदवहीत एक खूण जास्त

जिल्ह्यातल्या काट्यांची यादी बहुधा असते, पण ती दुकानांची यादी असते. तुम्हाला उपकरणांची यादी हवी: मालक, गाव, प्रकार, क्षमता, टप्पा, मॉडेल मान्यतेचा (त्या बनावटीला मिळालेल्या सरकारी मंजुरीचा) क्रमांक, उपकरणाचा क्रमांक, मागच्या मुद्रांकनाची (तपासून शिक्का मारल्याची) तिमाही, दुरुस्तीकाराचे नाव. यापुढे आणखी दोन रकाने स्वतःहून जोडा. एकात काटा खरेदीचा की विक्रीचा. दुसऱ्यात सापडलेली चूक, अधिक किंवा उणे चिन्हासह. ‘बरोबर’ किंवा ‘नापास’ एवढेच लिहून चालणार नाही. अगदी पास झालेल्या काट्याचीही चूक आकड्यात लिहायला लावा. सुरुवातीला निरीक्षक कुरकुरतील, कारण आकडा लिहायचा तर काटा खरोखर तपासावा लागतो.

या चिन्हाचे मोल वर्षभरात कळते. खारा वारा, गंज आणि दुर्लक्ष यांनी बिघडलेले काटे दोन्ही बाजूंना चुकतात, काही जास्त दाखवतात आणि काही कमी. समजा एका गावातले 40 काटे तपासले आणि चुका दोन्हीकडे पसरलेल्या निघाल्या, तर तिथे दुरुस्तीकार पाठवा आणि गावातच काटे तपासून शिक्का मारण्याचे शिबिर लावा. चाळीसही काटे गिऱ्हाइकाच्या विरुद्ध बाजूलाच झुकलेले निघाले तर मात्र तो खाऱ्या वाऱ्याचा दोष नव्हे. तिथे न कळवता जा.

विरुद्ध बाजू कोणती, हे खरेदी-विक्रीच्या रकान्यावरून ठरते. वाणसामानाच्या दुकानात लबाडीचा काटा जास्त दाखवतो. काजू बी, सुपारी किंवा जेटीवरची मासळी घेणाऱ्या व्यापाऱ्याचा लबाडीचा काटा कमी दाखवतो. इथे बागायतदार आणि मच्छीमार नाडले जातात, आणि तक्रार करायला ते सहसा येत नाहीत, कारण पुढच्या हंगामातही माल त्याच व्यापाऱ्याला द्यायचा असतो. कोकणात खरेदीचे काटे विक्रीच्या काट्यांइतकेच महत्त्वाचे धरा.

वर्षाची आखणी हंगामावर

वजने, धारिता मापे, लांबीची मापे, तागडी यांचे मुद्रांकन 24 महिन्यांनी, इलेक्ट्रॉनिक काटे, ट्रक तोलणारे भुईकाटे, पेट्रोल पंप आणि टँकर यांचे 12 महिन्यांनी, साठवण टाक्यांचे 60 महिन्यांनी. शिक्क्यावर वर्षाचे दोन आकडे आणि तिमाहीचे ए, बी, सी किंवा डी हे अक्षर असते. मुदत उलटली की जादा शुल्क तिमाहीप्रमाणे वाढत जाते, म्हणून गावाची तिमाही ठरवून टाका आणि ती दरवर्षी बदलू नका. लोकांना ‘आमचा काटा ऑक्टोबरात’ हे पाठ झाले की निम्मी नोटिसबाजी वाचते.

काजू बीची खरेदी मार्च ते मे. खरेदीदारांचे काटे जानेवारी-फेब्रुवारीत तपासून ठेवा आणि एप्रिलमध्ये पुन्हा अचानक बघा. आंबा पेटीने आणि डझनाने जातो, तिथे काट्याचे काम कमी. कॅनिंगला जाणारा आंबा मात्र किलोवर जातो, आणि त्या केंद्रांवरचे प्लॅटफॉर्म काटे अकरा महिने कुठल्या तरी पडवीत धूळ खात पडलेले असतात.

मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते. हा काळ हर्णै, मिरकरवाडा, मालवण, वेंगुर्ला या बंदरांतल्या काट्यांसाठी अगदी सोयीचा वाटतो, आणि इथेच फसगत होते. जूनमध्ये पास केलेला काटा दोन महिने बंद खोलीत ओल खात राहतो आणि ऑगस्टमध्ये पहिल्याच दिवशी शून्यावर टिकत नाही. जूनमध्ये फक्त दुरुस्ती करून घ्या. पडताळणी आणि शिक्का जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, होड्या पाण्यात लोटायच्या बेताला.

शिबिराची जागा आठवडी बाजाराच्या गावी ठेवा, पण बाजाराच्या आदल्या दिवशी. बाजाराच्या दिवशी कोणीही चालू काटा सोडून येत नाही. ग्रामपंचायतीचे सभागृह घेताना एकच गोष्ट विचारा: वीज जाते का? गेली तर इन्व्हर्टर आहे का? प्रत्येक काट्याला तापायला वेळ द्यावा लागतो आणि वीज दहा वेळा गेली तर दिवस वाया जातो.

टेबल काट्याची परीक्षा, दहा मिनिटांत

निरीक्षकांना एकदा स्वतः करून दाखवा. तिसऱ्या वर्गाचा (दुकानातल्या नेहमीच्या अचूकतेचा), 30 किलोचा, 5 ग्रॅम टप्प्याचा काटा घ्या.

1. मॉडेल मान्यतेची पट्टी आणि सील आधी बघा. पट्टी नसेल तर पुढचे काही करू नका, अशा काट्याला शिक्का मारताच येत नाही. काजू खरेदीत दिसणारे ऑनलाइन मागवलेले हुकाचे काटे बहुधा याच पायरीवर बाद होतात.
2. पातळी दाखवणारा बुडबुडा मध्यावर आणा, काटा चालू करून किमान दहा-पंधरा मिनिटे तापू द्या, पंखा बंद करा.
3. 10 किलोचे वजन (क्षमतेच्या एक तृतीयांश) मध्यावर आणि मग चारही कोपऱ्यांवर ठेवून आकडा लिहा. कोपऱ्यात फरक आला तर लोडसेल (पाट्याखालचा, भार विजेच्या संकेतात बदलणारा भाग) वाकलेला आहे किंवा पाट्याचा स्क्रू सैल आहे.
4. मग 100 ग्रॅम, अडीच किलो, 10 किलो, 20 किलो, 30 किलो असे चढवत जा आणि तसेच उतरवा. सूट अडीच किलोपर्यंत अडीच ग्रॅम, 10 किलोपर्यंत 5 ग्रॅम, त्यापुढे साडेसात ग्रॅम. ही नव्याने शिक्का मारतानाची सूट. वापरात असलेल्या काट्याच्या तपासणीत तिची दुप्पट धरतात.
5. जड वजन तीनदा ठेवून काढा. तिन्ही वेळा आकडे जुळले पाहिजेत आणि वजन काढल्यावर शून्य आले पाहिजे.

चौथ्या पायरीत एक अडचण आहे. काटा 5 ग्रॅमच्या उड्या मारतो, मग अडीच ग्रॅमची चूक दिसणार कशी? 10 किलो ठेवून पडद्यावर 10.000 आले की अर्ध्या ग्रॅमची वजने एकेक करून त्याच्या शेजारी पाट्यावर ठेवत जा. आकडा 10.005 वर कधी उडी मारतो ते पाहा. दीड ग्रॅमवर मारली तर अर्धा टप्पा अडीच ग्रॅम, त्यातून दीड वजा, म्हणजे काटा एक ग्रॅम जास्त दाखवतो. नोंदवहीत अधिक एक लिहा. ही अर्ध्या ग्रॅमची दहा वजने नसलेला निरीक्षक अंदाज लिहितो, मोजमाप नव्हे.

100 ग्रॅमपासून सुरुवात का? तिसऱ्या वर्गाच्या काट्यावर वीस टप्प्यांपेक्षा हलके काही तोलायचे नसते. 5 ग्रॅमच्या काट्यावर 50 ग्रॅम वेलची तोलणाऱ्या दुकानदाराचा काटा खोटा नसतो, चुकीच्या कामाला लावलेला असतो.

दूरवरून कॅलिब्रेट होऊन आलेला काटाही लक्षात ठेवा. गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखे नाही. दिल्लीत बरोबर केलेला लोडसेलचा काटा रत्नागिरीत 10 किलोमागे साधारण 7 ग्रॅम कमी दाखवतो, 30 किलोवर 20 ग्रॅमच्या आसपास. विक्रेत्याला काटा वापराच्या जागी प्रमाण वजनांनी जुळवूनच द्यायला सांगा.

जेटीवर

जेटीवरच्या काट्यावर पहिला संशय त्याच्या पाट्याखाली घ्यावा. पाटा उचलला की खवले, वाळू आणि मिठाचा थर दिसतो. हा थर लोडसेलखालच्या आधाराला टेकला की काटा ठरावीक वजनापर्यंत बरोबर आणि त्यापुढे कमी दाखवतो. म्हणून इथे फक्त 5 किलो ठेवून बघणे म्हणजे काहीच न बघणे. पूर्ण क्षमतेपर्यंत जा. शून्य सारखे सरकत असेल तर जंक्शन बॉक्समध्ये (लोडसेलच्या तारा जोडण्याच्या डबीत) ओल आहे. तो उघडून कोरडा करून रबरी गॅस्केट बदलायला लावा. नुसते कॅलिब्रेशन करून दिलेला काटा आठवड्यात परत येतो.

टबाचे वजन हा दुसरा मामला. रिकामा टब ठेवून शून्य केले की टब उचलल्यावर पडद्यावर उणे आकडा दिसतो, आणि तो आकडा म्हणजे टबाचे वजन. निरीक्षकाने एवढेच करावे: चालू व्यवहारात टब उचलायला सांगावे, उणे आकडा वाचावा, मग टब वेगळा तोलावा. दोन्ही जुळत नसतील तर कुठले तरी आधीचे शून्य राहिले आहे किंवा ठेवले आहे. टब मध्येच बदलला, बर्फाचे पाणी तळाला साचले, यानेही फरक पडतो. तळाला भोके असलेले क्रेट वापरायला लावले तर अर्धी भांडणे मिटतात.

बाजारात बायका वाटे लावून मासळी विकतात, तिथे काटाच नाही आणि तुमचे कामही नाही. उगाच तिथे घुटमळू नका. पायलीने तांदूळ आणि ब्रासने रेती मात्र तुमच्या कक्षेत येते. ब्रास म्हणजे 100 घनफूट, 2.83 घनमीटर. तोंडी काहीही म्हणोत, बिलावर घनमीटर हवे.

भुईकाटा

लोटे, मिरजोळे, कुडाळच्या औद्योगिक वसाहतींतले भुईकाटे एकेकटे तपासायला गेलात तर वर्ष पुरणार नाही. 20 किलोची 50 वजने म्हणजे एक टन. ती चढवायला-उतरवायला दोन माणसे आणि एक टेम्पो लागतो. एका तालुक्यातले तीन काटे एका दिवशी लावा. जागेवर काट्याच्या क्षमतेच्या एक दशांश किंवा एक टन, यांतले जे कमी असेल तेवढी मुद्रांकित वजने ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. ती असतात, पण बहुधा मागच्या भिंतीला पावसात रचलेली. तीच आधी तोलून बघा.

60 टनांच्या, 10 किलो टप्प्याच्या काट्याला सूट 5 टनांपर्यंत 5 किलो, 20 टनांपर्यंत 10 किलो, पुढे 15 किलो. सहा लोडसेल असतील तर प्रत्येक आधारावर 12 टनांच्या आसपास भार येईल असा भरलेला ट्रक पुढे, मध्ये, मागे उभा करा, मग उलट्या दिशेने आणून पुन्हा. भार अंगावर असतानाच 20 किलोचे एक वजन हळूच ठेवा, आकडा दोन टप्पे सरकला पाहिजे. सरकला नाही तर डेक आणि चौकटीच्या फटीत खडी अडकली आहे. जांभ्या दगडाचे ट्रक जिथे जातात तिथे हे हमखास. खड्ड्यात पाणी तुंबले असेल तर तपासणी थांबवून आधी पंप लावायला सांगा. केबलला उंदराचे दात लागलेत का तेही तिथेच दिसते.

पंप

पेट्रोल पंपाची पद्धत निरीक्षकांना ठाऊक असते, दोन गोष्टी तेवढ्या बजावा. 5 लिटरचे माप आधी इंधनाने भिजवून, पालथे करून तीस सेकंद निथळू द्यायचे, कोरड्या मापात पंप विनाकारण कमी दिसतो. आणि जलद व मंद, दोन्ही धारांवर मोजायचे. सूट 5 लिटरला 25 मिलिलिटर. ही सूट जेटीवरच्या डिझेल पंपावर बोटीत भरलेल्या 1000 लिटरला 5 लिटर होते, म्हणून तिथला पंप सुटीच्या काठावर नको, शून्याजवळ आणून घ्या. पल्सरचे (किती इंधन गेले ते पडद्याला कळवणाऱ्या भागाचे) सील नुसते आहे एवढे बघू नका. तार ओढून बघा.

शिक्के आणि माणसे

ठशांची (शिक्का उमटवायच्या साच्यांची) नोंदवही स्वतः सांभाळा. तिमाही संपली की त्या अक्षराचे ठसे परत घेऊन त्याच दिवशी निकामी करा. ठसा दुरुस्तीकाराच्या पिशवीत सापडणे हा यंत्रणेचा सगळ्यात वाईट आजार आहे. तो सुरू होतो सोयीतून: दुरुस्तीकार काटे गोळा करून आणतो, शुल्कही तोच भरतो, निरीक्षक खुर्चीत बसून शिक्के मारतो. परवानाधारक दुरुस्तीकाराशिवाय काम चालत नाही हे खरे, पण सील त्याच्या हाताने लागता कामा नये.

हे पकडायला फार काही लागत नाही. दर महिन्याला शिक्का मारलेल्या शंभरातले पाच काटे चिठ्ठीने निवडा आणि आठवड्याच्या आत दुसऱ्या निरीक्षकाकडून पुन्हा तपासून घ्या. आकडे जुळले तर उत्तम. ज्याच्या नोंदीत वर्षभर एकही काटा नापास नाही, किंवा सगळ्या चुका नेमक्या शून्य लिहिल्या आहेत, त्याच्याबरोबर एक दिवस फिरा. किनाऱ्यावर एवढे निर्दोष काटे नसतात.

कारवाई करायची वेळ आली तर

वैधमापनशास्त्र अधिनियम, 2009 च्या कलम 15 खाली झडती आणि जप्तीचे अधिकार आहेत, कलम 48 खाली तडजोडीने प्रकरण मिटवता येते. मुद्रांकनाची मुदत चुकली पण काटा बरोबर आहे, तिथे तडजोड योग्य. सील तोडलेले आणि चूक एकाच बाजूला, तिथे तडजोडीची घाई करू नका.

जप्तीचा काटा जागेवरून हलवण्याआधी, आहे त्याच स्थितीत, त्याच टेबलावर, पंचांसमोर तपासा. काटा जीपमधून कार्यालयात आणून मग मोजला तर ‘रस्त्यात हिसक्याने बिघडला’ हा बचाव तयारच असतो, आणि घाटरस्त्यांचा मुलूख असल्याने तो खोटाही ठरवता येत नाही. पंचनाम्यात पडद्यावरचा रिकामा आकडा, ठेवलेले प्रत्येक वजन आणि दिसलेला आकडा, बुडबुड्याची जागा, सीलची अवस्था आणि तुमच्या वजनसंचाचा प्रमाणपत्र क्रमांक व तारीख लिहा. बॅटरीवर चालणारा काटा बंद करण्याआधी पडद्याचा फोटो घ्या, काही काट्यांत बंद करताच कळ दाबून केलेला बदल पुसला जातो. मग काटा पोत्यात नव्हे तर खोक्यात भरून, पंचांच्या सहीची चिठ्ठी आत आणि बाहेर लावून सील करा. कार्यालयात तो प्रमाण वजनांच्या खोलीत ठेवू नका. त्यासाठी वेगळे, कोरडे कपाट लागते, कारण तारीख पडेपर्यंत एक पावसाळा तरी जातोच आणि तोवर त्याचा लोडसेल गंजला तर पुराव्याचा काटा न्यायालयात शून्यही दाखवत नाही.